ताप, तास आणि टपरी

नकाशात दोन गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये दिलेलं असतं. कडेवर तापलेलं मूल घेऊन निघालेल्या बाईला तो आकडा काहीच सांगत नाही. गडचिरोलीत भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून जाऊ लागलं, की पलीकडचं डोळ्यांना दिसणारं गाव एकाएकी दिवसभर लांब जातं, कधी दोन दिवसही. नकाशातला आकडा मात्र जागचा हलत नाही.

अंतर तासांत मोजणारेही नकाशे असतात. ते करायला शिकवणारी एक संस्था नेदरलँड्सच्या पूर्व टोकाला, एनस्खेडे या शहरात आहे. इथून जर्मनीची हद्द सायकलने गाठता येते. एके काळी हे कापडगिरण्यांचं गाव होतं. आज इथे ट्वेंटे विद्यापीठ आहे आणि त्यातच ‘आयटीसी’ नावाने ओळखली जाणारी ही संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरचे नेदरलँड्सचे पहिले पंतप्रधान विलेम स्खेर्मरहॉर्न हे मुळात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे काढणारे अभियंते. १९५० साली त्यांनी डेल्फ्टमध्ये ही संस्था उभी केली. १९७१ मध्ये ती एनस्खेडेला हलली आणि २०१० मध्ये विद्यापीठात सामील झाली. तिचं आपल्याशी नातंही जुनं आहे. डेहराडूनची आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ मध्ये डच सरकारच्या मदतीने, हिच्याच धर्तीवर सुरू झाली.

तासांचा नकाशा करायची रीत ऐकली, तेव्हा मी थक्क झालो होतो. आधी सगळ्या मुलखाचे बारीक चौकोन पाडायचे. कुठे वाळू आहे, कुठे शेत, कुठे नदी, कुठे गाडीवाट, हे उपग्रहाच्या चित्रावरून कळतं. मग प्रत्येक चौकोन पायी ओलांडायला किती मिनिटं लागतील ते मांडायचं. पाणी जसा उतार शोधत जातं, तसा संगणक प्रत्येक घरापासून दवाखान्यापर्यंतचा सगळ्यात कमी वेळाचा रस्ता शोधतो. पावसाळ्यासाठी मिनिटांचे आकडे बदलायचे आणि पुन्हा चालवायचं. आता इथे आरोग्याचा भूगोल शिकवणाऱ्या जस्टिन ब्लॅनफर्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये नायजेर देशाचा असा अभ्यास छापला होता. दवाखान्यापासून तासाभराच्या चालीत राहणाऱ्या मुलांचं लसीकरण पूर्ण होण्याची शक्यता त्याहून लांबच्या मुलांपेक्षा बरीच जास्त होती, आणि पाऊस पडला की तासाभराच्या आतली माणसं कमी होत होती.

या नकाशांवर ठिपके असतात ते दवाखान्यांचे आणि आरोग्य केंद्रांचे. त्यात बहुधा एक ठिपका नसतो, कारण त्याची कुठल्या सरकारी यादीत नोंदच नसते. तो म्हणजे साबण, मीठ, काडेपेटी आणि बरणीतल्या तापाच्या गोळ्या विकणारं दुकान. केनियापासून नायजेरियापर्यंत आणि पश्चिम बंगालच्या बीरभूमपासून आपल्या विदर्भाच्या जंगलपट्ट्यापर्यंत, मुलाला ताप आला की असंख्य घरांतलं पहिलं पाऊल याच दुकानाकडे पडतं. हे पाऊल चूक की बरोबर, यावर तज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत आले आहेत. त्या भांडणात शिरण्याआधी एक घड्याळ समजून घ्यायला हवं.

डासाच्या लाळेतून आलेले हिवतापाचे परजीवी आधी यकृतात जाऊन बसतात. तिथे आठवडाभर काहीच कळत नाही. मग ते रक्तात उतरतात आणि एकेका लाल पेशीत एकेक शिरतो. प्लाझमोडियम फाल्सिपेरम, म्हणजे या कुटुंबातला सगळ्यात घातक, पेशीच्या आत बसून ती खातो, वाढतो आणि फुटतो. एकाचे सोळा, वीस, कधी तीस होऊन बाहेर पडतात. या फेरीला साधारण ४८ तास लागतात. सगळेच नव्या पेशीपर्यंत पोचत नाहीत, तरी दर दोन दिवसांनी संख्या सुमारे दहापट होते. आईच्या हाताला अंग गरम लागतं त्या घटकेला मुलाच्या रक्तात कोट्यवधी परजीवी असतात. म्हणजे आपण ज्याला आजाराची सुरुवात म्हणतो, ती परजीवीच्या दृष्टीने अर्धी लढाई जिंकल्यानंतरची वेळ असते.

फाल्सिपेरमची आणखी एक खोड आहे. ज्या पेशीत तो शिरतो तिच्या पृष्ठभागावर तो चिकट गाठी उगवतो. अशी पेशी मग रक्ताबरोबर वाहत प्लीहेपर्यंत जात नाही, कारण प्लीहा तिला गाळून मोडून टाकेल. ती बारीक केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते. मेंदूतल्या केशवाहिन्या अशा तुंबल्या, की मुलाला झटके येतात आणि ते बेशुद्ध होतं. सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या संध्याकाळी हाकेला ओ देत नाही, असं होऊ शकतं ते यामुळे. मोठ्यांच्या शरीराला वारंवारच्या आजारातून थोडं संरक्षण मिळालेलं असतं; पाच वर्षांखालच्या मुलाकडे ते नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं मलेरियाने गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तिथल्या दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे.

म्हणूनच एप्रिल २००० मध्ये नायजेरियातल्या अबुजा इथे आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी जी उद्दिष्टं ठरवली, त्यांत औषधाबरोबर वेळही लिहिली होती: लक्षणं दिसल्यापासून २४ तासांच्या आत उपचार, आणि तोही किमान ६० टक्के रुग्णांना. आता हे चोवीस तास तासांच्या नकाशावर ठेवून पाहा. रात्री ताप भरला. उजाडेपर्यंत वाट पाहिली. नवरा कामावर, घरात आणखी दोन मुलं. केंद्र चार तासांच्या चालीवर. तिथे पोचल्यावर रांग, आणि कधी औषधच संपलेलं. परत यायला चार तास. दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. दुकान तेवढं हाकेच्या अंतरावर आहे. ते रात्रीही दार ठोठावलं तर उघडतं, उधारीवर देतं, एक गोळी मागितली तर एकच देतं, आणि दुकानदार ‘इतका उशीर का केलास’ म्हणून खेकसत नाही. दुकानाकडे जाणाऱ्या आईला अडाणी म्हणणारे लोक मला नेहमीच आळशी वाटत आले आहेत. तिने हिशोब केलेला असतो, आणि तिच्या हातात असलेल्या आकड्यांपुरता तो बरोबर असतो.

बिघडतं ते दुकानाच्या फळीवर. तिथे ताप उतरवणारी पॅरासिटामॉल असते, ती परजीवीला हातही लावत नाही. मुलाचं अंग मात्र काही तास गार पडतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. कधी सुट्टं प्रतिजैविक मिळतं. मलेरियाचं खरं औषध मिळालं तरी मोठ्यांची गोळी नखाने अर्धी तोडून मिळते. आणि सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो अर्धवट मात्रेचा.

हा घोटाळा समजायला थोडा गुणाकार लागतो, आणि तो गुणाकार फार सुंदर आहे. आर्टेमिसिनिन हे आजच्या मलेरियाच्या उपचारांमधलं मुख्य औषध चीनमध्ये तू यूयू यांच्या पथकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका वनस्पतीतून वेगळं केलं. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या जोरापुढे दुसरं कुठलंच औषध टिकत नाही: परजीवीच्या एका फेरीत, म्हणजे ४८ तासांत, ते त्यांची संख्या सुमारे दहा हजारपट खाली आणतं. समजा मुलाच्या अंगात एक हजार कोटी परजीवी आहेत. दोन दिवसांनी उरले दहा लाख. ताप गेला, मूल उठून बसलं, भाकरी मागायला लागलं. आई उरलेल्या गोळ्या फडक्यात बांधून पुढच्या वेळेसाठी ठेवते, कारण औषध महाग आहे आणि मूल बरं झालेलं डोळ्यांना दिसतं आहे. पण ते दहा लाख जिवंत आहेत आणि दर दोन दिवसांनी दहापट होणार आहेत. तिसऱ्या दिवसाची मात्रा पोटात गेली, तर औषधाचा मार दुसऱ्या फेरीवरही बसतो आणि दहा लाखांचे शंभर उरतात. त्या शंभरांसाठी दुसरं, शरीरात रेंगाळणारं औषध जोडीला दिलेलं असतं, कारण आर्टेमिसिनिन स्वतः काही तासांत शरीरातून निघून जातं. जोडगोळी का, तीन दिवस का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या गुणाकारात आहे. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात याच जोडगोळीची पाकिटं वयाप्रमाणे रंग ठरवून केली आहेत: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, एक ते चार वर्षांच्या मुलाला पिवळं, मग हिरवं, लाल, आणि मोठ्यांना पांढरं. वाचता न येणाऱ्यालाही चुकता येऊ नये म्हणून केलेली ही रंगांची योजना मला कुठल्याही मोठ्या यंत्राइतकी हुशार वाटते.

दुकानातून मलेरियाचं औषध विकण्याची कल्पना आजची नाही, आणि तिच्या मुळाशी पुन्हा हॉलंड सापडतं. १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने मान्वेल इंक्रा मामानी या बोलिव्हियातल्या आदिवासी जाणकाराने जमवलेलं सिंकोनाचं बियाणं डच सरकारला विकलं. ब्रिटिशांनी ते घ्यायचं नाकारलं होतं. जावा बेटावर त्या बियांतून जी झाडं उठली त्यांच्या सालीत क्विनाइन इतकं भरपूर निघालं, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या बहुतेक क्विनाइनचा व्यापार डचांच्या मुठीत होता. मामानीला मात्र बियाणं दिल्याबद्दल तिथल्या अधिकाऱ्यांनी मारहाण केली आणि त्यातच तो गेला. एनस्खेडेच्या आसपासच्या गिरण्या त्याच काळात जावासाठी सुती कापड विणत होत्या; जहाजं कापड घेऊन जात आणि साल घेऊन येत. खुद्द हॉलंडलाही या सालीची गरज होतीच. त्यांच्या खाऱ्या दलदलींत डास होते आणि हिवतापही होता. तो तिथून सरला १९६० च्या सुमारास. देश मलेरियामुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १९७० मध्ये जाहीर केलं. सायकलींच्या या देशातला मलेरिया आपल्या आजोबांच्या पिढीतला आहे, हे ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

ब्रिटिशांनी भारतात दुकानाच्या प्रश्नाला एक अफलातून उत्तर शोधलं. १८९२ पासून बंगालमध्ये पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली. डॉक्टर गावात नव्हता, पण पोस्टमास्तर होता. मोजून बांधलेली पुडी विकायला त्याला वैद्यकी येण्याची गरज नव्हती. या व्यवस्थेचा एक धागा आजच्या कायद्यातही उरला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांच्या परिशिष्टात अशी तरतूद आहे, की एक हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या गावात काही घरगुती औषधं परवाना न काढताही विकता यावीत. पॅरासिटामॉल, बाम, एरंडेल आणि ग्राइपवॉटरच्या त्या यादीत क्विनाइन सल्फेटच्या गोळ्या आहेत. किराणा दुकानदाराला कायद्याने कधी काळी किती मोठी जागा देऊ केली होती, ते त्या ओळीत दिसतं. औषध जुनं झालं, ओळ तशीच राहिली.

मग दुकानदारालाच शिकवलं तर? हा प्रश्न विचारून थांबण्याऐवजी केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी भागात तो प्रत्यक्ष करून पाहिला गेला. विकी मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तिथल्या खेड्यांत मुलांच्या तापाचे कितीतरी उपचार दुकानातूनच होत होते. क्लोरोक्विन हे तेव्हाचं मलेरियाचं औषध मिळत होतं, पण तापलेल्या मुलांपैकी पुरेशी मात्रा मिळत होती फक्त ३.७ टक्के मुलांना. शंभरात चार मुलंसुद्धा नाहीत! दुकानदारांना छोटी प्रशिक्षणं दिली: कुठल्या वयाला किती गोळ्या, किती दिवस, आणि कुठलं मूल दुकानात थांबवायचं नाही, सरळ दवाखान्यात पाठवायचं. त्यानंतर तो आकडा किमान ६५.२ टक्क्यांवर गेला. नवा दवाखाना नाही, नवं औषध नाही. तोच माणूस, तीच फळी. आरोग्याच्या क्षेत्रात एवढी मोठी उडी इतक्या स्वस्तात फारशी कुणी मारलेली नाही.

दुर्दैव असं, की तोवर क्लोरोक्विनच निकामी होत चाललं होतं. भारतात त्याला दाद न देणारा परजीवी १९७३ मध्येच आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये सापडला होता. आफ्रिकेत ही लाट पुढे आली. नवी जोडगोळी जुन्या गोळीच्या कितीतरी पट महाग होती. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांच्या अध्यक्षतेखालच्या एका अमेरिकन समितीने २००४ मध्ये सुचवलं, की हे औषध कारखान्याच्या दारातच अनुदान देऊन स्वस्त करा, म्हणजे ते आपोआप टपरीपर्यंत स्वस्त पोचेल आणि लोक जुनं, एकेरी औषध घेणं सोडतील. २०१० पासून काही देशांत ही योजना चालवली गेली. पाकिटावर हिरव्या पानाचं चिन्ह होतं. औषध खरोखरच दुकानांत पोचलं आणि बऱ्याच ठिकाणी किमती पडल्या. पण पश्चिम केनियात जेसिका कोहेन, पास्कालिन ड्यूपा आणि सिमोन शानर यांनी मोजून पाहिलं, तर अनुदानाच्या गोळ्यांपैकी जवळजवळ निम्म्या गोळ्या मलेरिया नसलेल्या माणसांच्या पोटात जात होत्या. ताप होता, पण तो मलेरियाचा नव्हता.

सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. तापाला चेहरा नसतो. मलेरिया झालेलं मूल धापा टाकतं, न्यूमोनिया झालेलंही टाकतं. अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसत्या हाताने ते सांगू शकत नाही, मग दुकानदाराने कसं सांगावं? त्याला रक्तातलं पाहणारा डोळा द्यायला हवा. तो डोळा म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब तिच्यावर टाकायचा, वर द्रावणाचे चार थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. फाल्सिपेरम रक्तात एक विशिष्ट प्रथिन सोडत असतो. पट्टीतली प्रतिपिंडं ते प्रथिन पकडतात, आणि प्रत्येक प्रतिपिंडाला सोन्याचा एक अतिसूक्ष्म कण चिकटवलेला असतो. इतक्या बारीक रूपात सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. ते कण एका ओळीत अडकले, की लाल रेघ उमटते. आदिवासी पाड्यावर आशाताईच्या हातातल्या पट्टीवर उमटणारी ती रेघ खरोखरच्या सोन्याची असते! चाचणीसाठी सोन्याचे कण वापरायची ही युक्ती पुढे आणली नेदरलँड्समधल्याच ऑस गावच्या ऑर्गेनॉन कंपनीतल्या संशोधकांनी, १९८० च्या सुमारास.

युगांडाच्या मुकोनो जिल्ह्यात अँथनी म्बोन्ये आणि सहकाऱ्यांनी ही पट्टी औषधांच्या दुकानांत देऊन पाहिली. २०१५ मध्ये आलेले निष्कर्ष असे, की रक्ताचा निकाल आणि दिलेलं औषध यांचा मेळ पट्टी असलेल्या दुकानांत खूपच जास्त बसला. निकाल नकारात्मक आला तर दुकानदार सहसा मलेरियाची गोळी विकत नव्हता, म्हणजे स्वतःच्या गल्ल्यावर पाणी सोडत होता. दुकानदार पैशापुढे काही पाहणारच नाही, असं गृहीत धरून बसलेल्यांना हे जड गेलं असावं. टांझानियाने तर २००३ पासून रुवुमा भागात ‘दुका ला दावा मुहिमु’ नावाची दुकानं सुरू केली होती. विकणाऱ्याला शिकवायचं, दुकानाची तपासणी करायची आणि मगच काही ठरावीक औषधं ठेवायची परवानगी द्यायची. ही पद्धत पुढे देशभर गेली.

परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. पेरू आणि मग इरिट्रियामध्ये असे फाल्सिपेरम सापडले, की ज्यांच्यात त्या प्रथिनाचा जनुकच नाही. रक्त त्यांनी भरलेलं असतं आणि पट्टी कोरी राहते.

भारतातली सगळ्यात बोलकी चाचणी बीरभूममधली. तिथले पदवी नसलेले ‘डॉक्टर’ हा खेड्यातल्या उपचाराचा मोठा आधार आहे. अभिजित चौधुरी यांच्या लिव्हर फाउंडेशनने अशांपैकी काहींना नऊ महिने शिकवलं. जिष्णू दास, अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ३०४ जणांवर त्याचा परिणाम मोजला आणि २०१६ मध्ये छापला. तपासायला गेलेले रुग्ण ठरवून पाठवलेले होते आणि वैद्याला ते कळत नव्हतं. शिकवलेल्यांनी योग्य उपचार करण्याचं प्रमाण सुमारे आठ टक्के-बिंदूंनी वाढलं. अनावश्यक औषधं आणि प्रतिजैविकं देणं मात्र तसूभरही कमी झालं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि ‘शिकवा’ म्हणणारे पहिली तर ‘बंद करा’ म्हणणारे दुसरी तेवढीच सांगत फिरतात. मला विचाराल तर ज्ञान शिकवून येतं, पण ज्याची कमाई गोळ्या विकण्यावर आहे त्याच्या हातून गोळ्या कमी विकल्या जाव्यात, यासाठी त्याची कमाई दुसरीकडून यायला हवी. मुकोनोच्या दुकानदाराला निदान चाचणीचे पैसे तरी घेता येत होते.

महाराष्ट्राने, विशेषतः गडचिरोलीने, वेगळी वाट धरली. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भाग याच जिल्ह्यात. आदिवासींच्या आरोग्यावर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, पण मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंत त्यांचा वाटा निम्मा. इथे तापलेल्या मुलाला कित्येकदा आधी पुजाऱ्याकडे नेतात, मग कुणी पदवी नसलेल्या ‘डॉक्टर’कडे, तो सुई देतो, सलाईन लावतो. १९७३ मध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्याकडे मेंदूला मलेरिया झालेले रुग्ण बाजेवर घालून, जंगलातून कित्येक तास चालत आणलेले असत. इथे दुकानदाराला शिकवण्यापेक्षा गावातलीच एक बाई उभी करायची, असं ठरलं. आज ती आशाताई आहे. तिच्या पिशवीत पट्टी असते, रंगांची पाकिटं असतात, आणि औषध फुकट असल्यामुळे अर्धी मात्रा विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पिशवी भरलेली असेल तोवर ही वाट दुकानापेक्षा नक्कीच सरस आहे. पिशवी रिकामी झाली, की लोक पुन्हा दुकानात.

आणि जिथे आई, दुकान आणि आशाताई या सगळ्यांच्या पलीकडे मूल गेलं आहे, गिळतच नाही, झटके येताहेत, तिथे? आर्टेसुनेटची गुदद्वारातून द्यायची गोळी असते; गावातल्या माणसाला ती देता येते आणि दवाखान्याचा रस्ता तुडवेपर्यंत ती वेळ विकत घेते. घाना, टांझानिया आणि बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत, २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, सहा तासांतही दवाखान्यात न पोचलेल्या लहान मुलांमध्ये मृत्यू आणि कायमचं अपंगत्व तिने निम्म्यावर आणलं. पुन्हा तास! पण काँगो, नायजेरिया आणि युगांडात तीच गोळी सरसकट वाटून पाहिली, तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. कारण गोळी दिल्यावर मूल पुढे गेलंच नाही, किंवा गेलं तिथे पूर्ण उपचार मिळाले नाहीत. घरच्यांना वाटलं, औषध तर दिलं.

रक्ताची पट्टी नकारात्मक आली, तर काय, हा प्रश्न मात्र दुकानाच्या फळीवर तसाच उभा राहतो. मूल तापलेलंच आहे, आई पैसे मुठीत धरून उभी आहे. तिला रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार फार दिवस टिकायचा नाही. तो काहीतरी देणार, बहुधा प्रतिजैविक. इथे गडचिरोलीची एक जुनी युक्ती आठवते. तिथल्या ‘सर्च’ संस्थेच्या बंग दांपत्याला गावातल्या सुइणींकडून बाळांचा न्यूमोनिया ओळखून हवा होता. त्यासाठी मिनिटात किती श्वास ते मोजायला हवं, आणि बऱ्याच सुइणींना बारापर्यंतच मोजता येत होतं. त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला तर न्यूमोनिया. मलेरिया, न्यूमोनिया आणि हगवण या तिन्हींवर गावातच उपचार करण्याची पद्धत पुढे जगभर स्वीकारली गेली, आणि फिलिस अवोर यांनी युगांडाच्या औषध दुकानांत नेमकं हेच नेऊन पाहिलं. दुकानदाराला रक्ताची पट्टी दिली, श्वास मोजायचं घड्याळ दिलं, क्षारसंजीवनी आणि झिंक दिलं. २०१४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात मुलांना योग्य उपचार मिळण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं होतं. त्या दुकानांत पट्टी कोरी निघाली, तरी दुकानदाराकडे करण्यासारखं पुढचं काम होतं: मुलाचा सदरा वर करून मिनिटभर छातीकडे पाहणं आणि श्वास मोजणं.